बागेत अळंबी कशी शोधावी (आणि सापडल्यावर काय करावं)

नाशिकच्या इंदिरानगरात रो-हाउस घेतलेल्या माणसाला पहिल्याच पावसाळ्यात दोन गोष्टी कळतात. सकाळी नऊ वाजता बोगद्यातून गाडी काढता येत नाही, आणि दारातल्या हिरवळीवर रातोरात पांढऱ्या छत्र्या उगवतात. पहिल्या गोष्टीवर आपल्या हातात काही नाही. दुसरीवरून घरात पक्ष पडतात. आजी म्हणतात, ‘कुत्र्याच्या छत्र्या आहेत, हात लावू नका.’ वडील म्हणतात, ‘माळ्याला सांगून औषध मारून घेऊ.’ कॉलेजातली मुलगी फोटो काढते, मोबाइलमधलं अ‍ॅप तीन नावं सुचवतं, त्यांतलं एक खाण्याजोगं निघतं आणि ती फ्रीजमध्ये लोणी आहे का ते बघायला जाते. प्रस्तुत मार्गदर्शिका या मुलीसाठी लिहिली आहे. बाजू मात्र आजींची घेतली आहे.

साहित्य

वेताची टोपली एक. खुरपं एक. छोटा चाकू. भिंग. निम्मा काळा, निम्मा पांढरा असा एक कागद. काचेचा पेला. आणि पेठ, सुरगाणा किंवा हरसूलकडची, लहानपणापासून रानात फिरलेली एक आजी. शेवटची वस्तू ऑनलाइन मिळत नाही. ती नसेल तर टोपली हातात धरून एक फोटो काढावा आणि टोपली माळ्यावर टाकावी.

पायरी पहिली: आपण काय शोधतोय ते समजून घ्या

वर दिसते ती छत्री म्हणजे फळ. झाड म्हणावं असं जे काही आहे ते जमिनीखाली, सुताहून बारीक पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यात पसरलेलं असतं आणि वर्षभर तिथेच असतं. पाऊस झाला, जमीन मुरली, की जाळं फळ धरतं, बीजाणू उडवतं आणि दोन-तीन दिवसांत छत्री चिघळून जाते. वडिलांनी छत्र्या उपटल्या म्हणून बुरशी जात नाही. आंबे उतरवल्याने आंब्याचं झाड जात नाही, तसंच.

आता थोडा नाजूक मुद्दा. बुरशी वनस्पतींत मोडत नाही. तिची सृष्टीच वेगळी, आणि जीवशास्त्राच्या वंशावळीत ती पालकाच्या भाजीपेक्षा ती भाजी खाणाऱ्याला जवळची आहे. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. ही माहिती चातुर्मासात जेवणाच्या टेबलावर सांगू नये. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंक्तीला बसवून छत्रीही वर्ज्य ठरवली आहे, तेव्हा या वादात आजींकडे तुमच्या अ‍ॅपपेक्षा जुना आधार आहे. मनूने विषबाधेचा विचार केला होता असं मला वाटत नाही, पण हिरवळीवरच्या छत्रीपुरता त्याचा निकाल बरोबर निघाला हे मान्य करावं लागतं.

पायरी दुसरी: बागेत फेरी मारा

जुलैतली सकाळ निवडावी. अंगणात पाहण्यासारखं पुष्कळ असतं.

हिरवळीच्या मधोमध, कधी सरळ रांगेत तर कधी चक्क गोल रिंगण धरून, ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या दिसतील. वर तपकिरी खवले, देठावर अंगठीसारखं कडं, आणि ते कडं खाली-वर सरकतं. इतकी देखणी छत्री जाहिरातीतही दिसत नाही. हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. जगभर उष्ण हवेच्या गावांत हिरवळीवर ही उगवते आणि जगभर लोक ती चांगल्या खाण्याजोग्या छत्रीच्या भरवशावर खातात. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. जीव बहुतेक वेळा वाचतो, पण त्या रात्रीपुरतं तसं वाटत नाही. खत घातलेली, रोज पाणी मारलेली, नीट कापलेली हिरवळ तिला फार मानवते. हिरवळीवर तुम्ही जितका जास्त खर्च कराल तितकी ती जोमाने येईल.

कुंडीत, विशेषतः नर्सरीतून आणलेल्या तयार मातीच्या कुंडीत, लिंबाच्या रंगाच्या नाजूक पिवळ्या छत्र्या येतात. ल्युकोकोप्रिनस बिर्नबाउमी. ही झाडाला काही करत नाही. कुंडीतलं कुजकं खाऊन जगते. तुळशीच्या कुंडीत आली तर शुभ की अशुभ असा प्रश्न घरात निघेल. उत्तर: खाऊ नका, फोटो काढा, दुपारपर्यंत ती मान टाकते.

भिंतीकडेला, जुन्या ओंडक्यावर किंवा शेणखताच्या ढिगावर करड्या घंटांसारख्या शाईछत्र्या येतात आणि काही तासांत स्वतःच विरघळून काळी शाई होतात. त्यांतल्या एका जातीत कोप्रीन नावाचं द्रव्य असतं. नुसती खाल्ली तर त्रास नसतो, पण सोबत किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत मद्य घेतलं की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. शरीरात मद्य पचवणारी साखळी ती मध्येच अडवते. ही नोंद खास नाशिककरांसाठी. द्राक्षांच्या गावात कुठली वाइन कशाबरोबर घ्यावी यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. कशाबरोबर घेऊ नये हे कुणी सांगत नाही.

गुलमोहराच्या बुंध्याशी लाकडासारखी कडक, लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत लालसर पंख्याची बुरशी दिसली तर ती गॅनोडर्मा. तिच्या गोळ्या, पावडरी, कॉफ्या विकल्या जातात हे खरं. तुमच्या बुंध्यावर मात्र तिचा अर्थ असा की झाडाची मुळं आतून सडत चालली आहेत. औषधी गुण शोधण्याआधी गाडी दुसरीकडे लावा आणि झाड एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या.

एवढी फेरी झाली की टोपली रिकामी आहे याची खात्री करा. नसेल तर रिकामी करा.

पायरी तिसरी: ठसा घ्या

हा भाग खरोखर गमतीचा आहे आणि त्यात पोटाला धोका नाही. पूर्ण उमललेल्या छत्रीचा देठ कापा. टोपी पडद्यांची बाजू खाली करून त्या काळ्या-पांढऱ्या कागदावर ठेवा, वर पेला उपडा घाला आणि झोपा. सकाळी कागदावर बीजाणूंचा नकाशा उमटलेला असतो, इतका रेखीव की फ्रेम करून भिंतीवर लावावा. ठसा हिरवट आला तर ती मघाची क्लोरोफायलम; असा हिरवा ठसा दुसऱ्या फारशा कुणाचा येत नाही. ठसा पांढरा आला तर? इथे नवशिक्याला हर्ष होतो. तो आवरावा. अमानिटा कुळातल्या, माणूस मारणाऱ्या छत्र्यांचा ठसाही पांढराच असतो.

नंतर हात धुवा. पेलाही.

पायरी चौथी: घरगुती चाचण्या

आपल्याकडे छत्री तपासायच्या खात्रीच्या चाचण्या घरोघरी आहेत. भाजीत चांदीचा चमचा घाला, काळा पडला तर विषारी. लसणाची पाकळी टाका, रंग बदलला तर विषारी. किड्याने खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. गाईने तोंड लावलं तर बिनधास्त. भरपूर उकळली, वर हळद घातली, की विष मरतं. या सगळ्या चाचण्यांत एक समान गुण आहे: त्या सगळ्या खोट्या आहेत. चांदी गंधकाने काळी पडते, आणि अमानिटाच्या विषाला चांदीशी काही देणं-घेणं नाही. गोगलगाय जी छत्री मजेत खाते ती तुमचं यकृत निकामी करू शकते. ते विष उकळून, तळून, वाळवूनही जात नाही.

इथे दोन मिनिटं विनोद बाजूला. या विषाची खरी लबाडी वेळेत आहे. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. रात्रीची भाजी पहाटे त्रास देते, तोवर कुणाला छत्री आठवतही नाही. उलट्या-जुलाब होतात, मग दिवसभर बरं वाटतं, घरचे म्हणतात उतरलं, आणि त्याच सुमारास आत यकृत बंद पडत असतं. एप्रिल २०२२मध्ये वरच्या आसामात रानातली छत्री खाऊन १३ जण दगावले, बहुतेक चहाच्या मळ्यांतल्या वस्तीतले. दरसाल छत्री वेचणारे लोक होते ते. ओळख असलेल्यांचाही डोळा चुकतो, आणि आपण तर अ‍ॅपच्या भरवशावर आहोत. तेव्हा घरात कुणी खाल्लीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका. १०८ला फोन करा किंवा सरळ मोठं रुग्णालय गाठा, आणि उरलेली छत्री, भाजी, सालं, जे असेल ते कागदात बांधून सोबत न्या. कधी खाल्ली, किती जणांनी खाल्ली, हे लिहून ठेवा. इ. स. ५४मध्ये रोमचा सम्राट क्लॉडियस छत्र्यांच्या ताटावरून उठला तो गेलाच. जुने इतिहासकार बोट त्याच्या बायकोकडे दाखवतात. तिने कुठली चाचणी केली होती ते मात्र त्यांनी लिहिलेलं नाही.

पायरी पाचवी: मग खरी अळंबी कुठे असते?

आता टोपली माळ्यावरून काढायला हरकत नाही, फक्त गाव बदलावं लागेल.

महाराष्ट्र-गोव्यात पावसाळ्यात लोक ज्या रानअळंबीसाठी जीव टाकतात ती बहुतेक टर्मिटोमायसिस कुळातली. गोव्यात तिला ओल्मी म्हणतात, पूर्व विदर्भात सात्या, कुठे टेकोडे. ती वारुळात येते, कारण ती वाळवीची शेती आहे. अक्षरशः शेती. वाळवीचे कामकरी वाळलेली पानं, काटक्या, लाकूड खाऊन आणतात, त्याचे स्पंजासारखे पोळे रचतात, त्यावर ही बुरशी लावतात. बुरशी लाकूड पचवून मऊ करते आणि वाळवी ते खाते. आत हवा खेळती, ओल मोजकी, ऊब साधारण ३० अंशांच्या आसपास आणि परक्या बुरशीचं तण उपटायला कामकरी सतत हजर. असा हा कारभार सुमारे तीन कोटी वर्षं चालू आहे. पावसाळ्यात त्या पोळ्यातून एक लांबच लांब मूळ वर येतं, कधी हातभर खोलवरून, आणि जमिनीवर छत्री उघडते. आफ्रिकेत झांबियात याच कुळातली एक छत्री मीटरभर रुंद होते. आपल्याकडची लहान, पण तिच्यासाठी गोव्यात रस्त्याकडेला पानात बांधलेल्या पुडक्यांपुढे गाड्या थांबतात आणि भाव ऐकूनही पुढे जात नाहीत. जितके जास्त लोक वारुळं उकरतील तितकी पुढच्या साली छत्री कमी, हे गोव्यातले बुरशीतज्ज्ञ नंदकुमार कामत वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

माणसाने बटन पिकवलं, धिंगरी पिकवली. टर्मिटोमायसिस मात्र अजून बाजारात विकण्याइतकी त्याला पिकवता आलेली नाही. त्या बाबतीत वाळवी आपल्याहून फार पुढारलेली शेतकरी आहे.

तरीही ती इंदिरानगरातल्या बागेतच हवी असेल तर कृती अशी.

एक, दारात वारूळ करा. म्हणजे वाळवी आणा. घर बांधताना तुम्ही पायात वाळवीचं औषध मारून घेतलंय आणि त्याची हमी घेतलीय, तिचा कागद फाडून टाका. दोन, तिला खायला द्या. तुमचा सागवानी दरवाजा आणि किचनमधलं फर्निचर तिला आवडेल. तीन, पाच-दहा वर्षं थांबा. चार, पाऊस वाढवा. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरीत ३०००च्या वर. पाऊण तासाच्या अंतरावर ढग आपला सगळा माल घाटमाथ्यावर उतरवून येतात आणि पाथर्डी फाट्याला येईतो त्यांच्याकडे शिंतोडे उरतात. पाच, श्रावणात नागपंचमीला त्याच वारुळाची पूजा करा. त्या दिवशी खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, त्यामुळे छत्री नेमकी त्याच दिवशी उगवली तर नुसतं नमस्कार करून बसावं लागेल.

ही कृती लांब वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. पावसाळ्यात पेठ-त्र्यंबककडच्या बायका पाटीत कर्टुली, टाकळा, कुर्डू घेऊन शहरात येतात. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात. अळंबी पाटीत असेलच असं नाही. असेल तर ती जिने वेचली तिला विचारून घ्या: कुठली, कशी निवडायची, किती शिजवायची. फक्त ‘ती जागा दाखवता का?’ हे विचारू नका. आई मुलीला जागा सांगते, जावेला सांगत नाही, तिथे गाडी घेऊन आलेल्या तुम्हाला कोण सांगणार! एखादी आजी हसून हात डोंगराकडे करते. त्या हाताच्या दिशेने जाणाऱ्याला पांडवलेणीसुद्धा सापडणार नाहीत.

पायरी सहावी: बागेत न पिकवता घरात पिकवा

जी अळंबी हमखास येते ती बागेत येत नाही, अंधाऱ्या खोलीत येते. तिचं नाव धिंगरी. बटनच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. तिला मुरवलेलं कंपोस्ट, वर मातीचा थर आणि फळ धरताना १६-१८ अंश लागतात. नाशिकची थंडी नावाजलेली असली तरी फळ धरायच्या दिवसांत तिला खोलीत रोज तसं राहायला सांगता येत नाही, म्हणून एसी लावावा लागतो, आणि मग ती भाजी राहत नाही, गुंतवणूक होते.

धिंगरीला भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड लागतं. पेंढा इगतपुरीकडून सहज मिळतो. यंदाचा, कोरडा, पाऊस न खाल्लेला घ्या. तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. इंदिरानगरात कडबाकुट्टी नसते, तेव्हा कात्री आणि घरातली मुलं. पेंढा रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी निथळून ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, म्हणजे परक्या बुरशीची बीजं मरतात. मोठे उत्पादक हे काम फॉर्मेलिन आणि बाविस्टिनच्या पाण्यात करतात. घरात ते करू नका, लग्नाच्या पंगतीचं पातेलं मागून आणा. मग पेंढा पसरून निथळू द्या. मूठ घट्ट आवळली तर बोटांतून पाणी टपकायला नको, पण तळहात ओला व्हायला हवा. हीच ती ६०-६५ टक्के ओल, यंत्राची गरज नाही.

बियाण्याला स्पॉन म्हणतात. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवलेली असते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचं केंद्र आहे, तिथे प्रशिक्षणही मिळतं. देशाचं मुख्य केंद्र हिमाचलातल्या सोलनला. त्या गावाला १९९७मध्ये ‘मशरूम सिटी’ हा किताबच दिला गेला. कोरड्या पेंढ्याच्या वजनाच्या ८ ते १० टक्के स्पॉन घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत एक थर पेंढा, कडेने चिमूटभर स्पॉन, पुन्हा पेंढा, असं दाबत भरा. तोंड बांधा, पिशवीला टाचणीने भोकं पाडा आणि अंधाऱ्या खोलीत २५ अंशांच्या आसपास टांगा.

खोली कुठली, हा गृहकलहाचा विषय. देवघराला लागून नको. नातेवाईक उतरतात ती खोली चालते, उलट त्यामुळे ते कमी उतरतात. दोन-तीन आठवड्यांत पिशवी आतून पांढरीशुभ्र होते. हिरवा डाग दिसला तर ट्रायकोडर्मा नावाची परकी बुरशी घुसलीय. ती पिशवी तशीच बांधलेली बाहेर न्या, उघडून वास घेऊ नका. पांढऱ्या झालेल्या पिशवीचं प्लास्टिक कापून काढा, खिडकी उघडा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा. हवा कोंडली तर देठ लांबलचक आणि टोप्या बटणाएवढ्या होतात. धिंगरीलाही इंदिरानगरातल्या फ्लॅटचा कंटाळा येतो असं समजा. एप्रिल-मे मात्र टाळा. नाशिकच्या उन्हाळ्यात हवेतली ओल टिकवायला तुम्हाला नोकरी सोडावी लागेल.

टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले की तीन-चार दिवसांत फळ तयार. कडा आत वळलेल्या असतानाच पिळून काढा. उशीर केला तर कडा उलटतात, खोलीभर पांढरी भुकटी उडते, आणि ती छातीला बाधते; पिकवणाऱ्याला खोकला लागतो, म्हणून तोंडाला फडकं बांधा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा पीक येतं. एक किलो कोरड्या पेंढ्यामागे एकंदर ८०० ग्रॅम ते एक किलो ताजी धिंगरी मिळाली तर नवशिक्याने मिशीला पीळ द्यावा. शिजवण्यापूर्वी पडदे वर करून थोडा वेळ उन्हात ठेवल्यास तिच्यात ड जीवनसत्त्व वाढतं. त्या बाबतीत ती आपल्यासारखीच. उरलेला पेंढा गुलाबाच्या आळ्यात घाला.

पायरी सातवी: वाटप

पहिलं पीक घरात संपत नाही, दुसऱ्याला घरचे कंटाळतात, तिसऱ्याला शेजारी आठवतात. काळ्या मसाल्याचा रस्सा करून वाटी पाठवावी. पाठवताना ‘बागेतली आहे’ असं चुकूनही म्हणू नये; ‘पिशवीतली आहे, पुण्याचं बियाणं आहे’ असं दारातच स्वच्छ सांगावं. शेजारच्या काकूंनी तुमची हिरवळ रोज पाहिलेली असते. त्या ‘कशाला गं एवढं!’ म्हणून वाटी घेतील, दुसऱ्या दिवशी ‘छान झाली होती हो’ असंही सांगतील. वाटी रिकामी परत करायची नाही हा आपल्याकडचा रिवाज आहे, तेव्हा ती भरलेलीच येईल. वाढून घेण्याआधी फोडणी आपलीच तर नाही ना, एवढं बघून घ्या.